खडूच्या झाडासाठी वाळू

रफूकाकांचं काम असं, की ते चांगलं झालं तर कुणाला दिसायचंच नाही. शिंप्याचं बरं असतं. चार लोक कोट बघून विचारतात, कुठे शिवलास? रफूगराला असं कुणी विचारत नाही. विचारलंच, तर समजायचं की काम फसलं. सिगारेटने भोक पडलेला कोट, उंदराने कुरतडलेली शाल, खिळ्याला अडकून टरकन फाटलेली पँट, असलं सगळं काकांकडे यायचं. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून ते धागे ओढून काढत, उभे-आडवे तस्सेच विणत आणि भोक बुजवत. मग गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करून म्हणायचं, "अहो काका, पण फाटला कुठे होता?" एवढं ऐकलं की काका खूश. याउपर त्यांना कौतुक नको असायचं, आणि खरं सांगायचं तर कुणी करतही नसे.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीपाशी बुटकं टेबल, त्यावर मान वाकवता येणारा दिवा, मोठं भिंग आणि धाग्यांच्या रिळांचे डबे. टेबलाशेजारी पूर्वी गिऱ्हाइकांसाठी बाक होता. तो एके दिवशी उचलून आत गेला आणि त्या जागी काचेची लांबलचक टाकी आली. गिऱ्हाइकांनी उभं राहायचं आणि माशांनी ऐसपैस राहायचं, असा त्या घरचा न्याय. न्याय करणारी होती काकांची एकुलती एक मुलगी, आणि तिच्यापुढे काकांचं काही चालत नसे.

मुलीला सगळे खडू म्हणायचे, कारण लहानपणी ती खडू खायची. वर्गातल्या बाई फळ्याखालचं खोकं उघडायच्या तर निम्मे खडू गायब, आणि हिच्या ओठांवर पांढरी मिशी. पुढे ती सवय सुटली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. मोठी होऊन चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायला लागली, तरी घरीदारी खडूच. काकांच्या टेबलावरचं भिंग तिनेच आणून दिलेलं.

टाकी तिची, मासे तिचे, आणि टाकीतलं झाडही तिचं. बुटकंसं झाड. लांब देठाची, कडांना चुण्या पडलेली पानं, वरून हिरवट तपकिरी आणि खालून तांबूस. दुकानात त्याला काहीतरी जिभेची कसरत करायला लावणारं नाव होतं; घरात कुणालाच ते उच्चारता येईना, म्हणून ते झालं खडूचं झाड. संध्याकाळी कामावरून आली की ती कोपरापर्यंत हात टाकीत घालून बसायची आणि बोलत सुटायची. कुठला मासा कुणावर डूख धरून आहे, कुठल्या पानाला खत कमी पडलंय, दुकानात आज कोण आलं आणि कुणी उलटा चष्मा घालून आरशात पाहिलं. "हिच्या तोंडाला फाटक कसं ते नाहीच," असं काकू म्हणायच्या. स्वतः काकूही काही कमी नव्हत्या. मायलेकी एकदम बोलायला लागल्या की रस्त्यावरचा माणूस वळून बघायचा.

काका मात्र रफू करताना "हं" म्हणायचे. हा "हं" घरात प्रसिद्ध होता. "हं" म्हणजे हो नाही, नाही नाही, आणि ऐकलं असंही नाही. "हं" म्हणजे बाबा धागे मोजतायत. मधेच मोजणी चुकली तर सगळं उसवून पहिल्यापासून, त्यामुळे खडूही समजून घ्यायची. "बाबा, तुम्हाला मी उद्या पळून जाणार म्हटलं तरी हं म्हणाल," असं म्हणून ती हसायची. काका म्हणायचे, "हं."

गेल्या थंडीत खडूला ताप आला. तो मेंदूत गेला आणि आठवड्याच्या आत खडू गेली. एवढंच. याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही. काका-काकूंनाही कुणी याहून जास्त सांगू शकलं नाही.

त्यानंतर काकूंच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. स्वयंपाक करायच्या, कपडे वाळत घालायच्या, कुणी आलं तर चहा ठेवायच्या, पण सगळं मुकाट्याने. दिवसातला उरलेला वेळ त्या टाकीसमोर एका स्टुलावर बसून असत. जेवायच्या म्हणजे ताटापुढे बसायच्या. काका शेजारीच काम करत असायचे. दोघांमध्ये हातभर अंतर आणि बोलायला एक शब्द नाही. नातेवाईक येऊन सांगून जायचे की आता सावरायला हवं. सांगणाऱ्याचं काय जातं? दोघंही मान हलवायचे आणि पाहुणे गेले की पुन्हा आपापल्या जागी.

अशात टाकीने मान टाकली. आधी पाण्याला वास यायला लागला. मग खडूच्या झाडाची पानं पिवळी पडून त्यांना भोकं पडायला लागली. आणि एके सकाळी काकूंच्या पायाखालची फरशी ओली लागली. टाकीचा खालचा सांधा सुटला होता.

काकांनी टाकीवाल्याला बोलावलं. बाजारामागच्या गल्लीत त्याचं माशांचं दुकान होतं, आणि खडूची तिथे कायमची ये-जा. टाकीवाला बोलायला लागला की ऐकणाऱ्याचे कान थकायचे, पण त्या दिवशी तोही गप्प गप्प होता. त्याने बाही वर सारून तळाशी बोट खुपसलं. काळे बुडबुडे वर आले आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटला.

"काका, तळ संपला," तो म्हणाला. "ताईंनी भाजलेल्या मातीच्या गोळ्या घातल्या होत्या. त्यांचा आता गाळ झालाय. खाली हवा नाही, मुळं गुदमरतायत. सांधा तर मी भरून देईन, पण त्यासाठी सगळं बाहेर काढायला लागणार. काढताच आहात तर तळ नवा घाला."

स्टुलावरून काकूंनी पहिल्यांदाच मान वळवली. "झाड जगेल?"

टाकीवाल्याने काकांकडे पाहिलं. "तळ बरोबर पडला तर जगेल, काकू. सगळं तळावर आहे."

"जगलंच पाहिजे," काकू म्हणाल्या. "बाकी मासे मेले तरी चालतील, टाकी फुटली तरी चालेल. ते झाड तिने लावलंय." इतकं त्या कित्येक दिवसांत एकदम बोलल्या नव्हत्या. आता हे काकांच्या गळ्यात पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी काम बाजूला टाकून काका टाकीवाल्याच्या दुकानात जाऊन बसले. आयुष्यभर कापड ओळखलं त्या माणसाने, आता वाळू ओळखायची होती. टाकीवाल्याने एकेक वाटी समोर मांडली. आधी रंगीत निळे खडे.

"हल्ली हे फार जातात."

"जाऊ देत त्यांना," काका म्हणाले.

मग जाड गोल गोटे. काकांनी ते मुठीत घेऊन खुळखुळवले. फटी फार; गोणपाटातून पीठ गळावं तसा सगळा कचरा खाली जाऊन कुजणार, आणि मुळांना धरायला काहीच नाही. मग पिठासारखी बारीक वाळू. दिसायला देखणी, पण चिमटीत धरली की दाणा दाण्याला चिकटून बसलेला. दाट विणीच्या कापडातून सुई जाताना कशी कुरकुरते ते काकांना माहीत होतं. हिच्यातून मूळ कसं जाणार? त्यांनी वाटी परत सरकवली. मग खडूच्या त्या भाजलेल्या मातीच्या गोळ्या, नव्या, काळ्याभोर.

"ताईंनी वापरल्या त्याच आहेत ना या?"

"तशाच. पण काका, या नव्या असताना पाण्यात काहीतरी जहाल सोडतात. दोन-तीन आठवडे तरी झाड घालायचं नाही, मासे घालायचे नाहीत. तेवढे दिवस झाड कुठे ठेवाल? आधीच अर्धमेलं झालंय ते."

काका प्रत्येक वाटीतला दाणा अंगठा आणि बोटात चोळून बघत होते, उजेडाला धरत होते, पुन्हा चोळत होते. शेवटी टाकीवाल्याने हात टेकले. "काका, वाळू आहे हो ती, सुटाचं कापड नाही."

त्यानंतर काकांना पसंत पडली ती जरा भरड, सोनेरी झाक असलेली वाळू. दाणा मोहरीएवढा, न चिकटणारा, न घरंगळणारा. खडूच्या झाडाखाली काय छान दिसेल, असं त्यांच्या मनात आलंसुद्धा. पण त्यांनी खिशातून एक छोटी बाटली काढली. तिच्यात व्हिनेगर होतं, घरून आणलेलं.

खडूने टाकी मांडली तेव्हा ती असंच करत होती. काकांच्या टेबलावर बशीत दगड मांडून त्यावर चमच्याने व्हिनेगर टाकत होती. जो दगड फसफसला तो बाद. "बाबा, बघा, हे माझे भाऊबंद," ती म्हणाली होती. "खडूच्या जातीचे. पाण्यात हळूहळू विरघळतात, पाणी जड होतं, आणि माझ्या झाडाला जड पाणी सोसत नाही." तेवढं मात्र काकांनी ऐकलं होतं, कारण फसफसलेलं व्हिनेगर एका गिऱ्हाइकाच्या कोटावर उडालं होतं आणि काका ओरडले होते.

सोनेरी वाळू फसफसली. तिच्यात शिंपल्यांचा चुरा होता. काका बशीकडे बघत राहिले आणि त्यांचे डोळे एकदम भरून आले. टाकीवाला त्यांच्याकडे पाठ करून उगाच जाळी धुवायला लागला.

शेवटी ठरली ती दिसायला अगदीच सामान्य, राखाडी, भरड वाळू. व्हिनेगर टाकलं तर ढिम्म. तिच्यात खत नव्हतं, माती नव्हती, पण ती पाण्याला काही करणार नव्हती आणि मुळांना हवा देणार होती.

ही वाळू घेऊन काका घरी आले तर काकूंनी वेगळाच हट्ट धरला. "जुन्या गाळातला थोडा तरी खाली राहू दे. तिच्या हाताची माती आहे ती."

टाकीवाला आधी नको म्हणाला. सडलेला गाळ पुन्हा पाण्यात ढवळला तर सगळं नासेल. पण उन्हात कडक वाळवला, वास पार गेला आणि वाळूखाली दाबून ठेवला तर चालेल, तेवढंच खतही होईल. मग काकांनी गच्चीवर चादर पसरून मूठभर गाळ वाळत घातला, उरलेला घरामागे कुंपणाच्या भिंतीपाशी नेऊन ओतला. मच्छरदाणीच्या जाळीची एक चपटी पिशवी शिवली, तळहाताएवढी. वाळलेली माती तिच्यात भरून तोंड शिवून टाकलं, इतक्या बारीक टाक्यांनी की एक कण बाहेर येऊ नये. गिऱ्हाइकाच्या कोटालाही त्यांनी कधी एवढा वेळ लावला नव्हता.

वाळू धुवायला काका मागच्या नळाशी बसले. बादलीत पाणी सोडायचं, हाताने ढवळायचं, गढूळ पाणी ओतून द्यायचं, पुन्हा सोडायचं. पाणी काही केल्या नितळ होईना. काकांच्या कमरेचे बारा वाजायला आले, तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन बसलं. काकूंनी बाह्या सारल्या आणि बादलीत हात घातला.

"तुम्ही वरवर ढवळताय. खालून घ्या," त्या म्हणाल्या.

"घेतोय की."

"कुठे घेताय? असं."

दोघंही थंड पाण्यात हात घालून बसले. वाळू दोघांच्या बोटांमधून फिरत होती. पाणी नितळ झालं तरी बराच वेळ कुणी उठलं नाही. काका त्या दिवशी मनात म्हणाले, झाड जगलं तर ही पण जगेल. म्हणजे हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण तेव्हापासून त्यांचा सगळा जीव त्या चार पानांवर टांगला गेला.

टाकी भरली. मातीची पिशवी तळाला, वर वाळू, आणि खडूच्या लांब चिमट्याने काकांनी झाड आपल्या हातांनी जुन्या जागी बसवलं. सांधा भरताना नेलेले मासे अजून टाकीवाल्याकडेच होते. काकू समोर बसून नुसत्या बघत होत्या, पण बघण्यात फरक होता.

चारच दिवस गेले असतील, काकूंच्या बहिणीच्या घरून फोन आला. मावशीच्या पोटाचं ऑपरेशन तातडीने करायचं ठरलं होतं आणि तिच्या घरी करणारं कुणी नव्हतं. काकू जायला तयार होईनात. मग काकाच म्हणाले, "जा तू. मी आहे ना."

निघताना काकू पिशवी खांद्याला लावून दारात थांबल्या. काका एका शालीवर वाकले होते. "झाडाकडे लक्ष द्या हं. खडूने सांगितलेलं आठवतंय ना सगळं?"

"हं," काका म्हणाले. रिक्षा वळली तसं त्यांनी शेवटचे धागे मोजले आणि मान वर केली.

झाड सडायला लागलं ते दोन दिवसांनी. आधी एका पानाची कड काचेसारखी पारदर्शक झाली. काकांना वाटलं, उजेडाचा भास. दुसऱ्या दिवशी ते पान देठापासून लोंबलं, तिसऱ्या दिवशी चिकट होऊन विरघळलंच. मग दुसरं. मग एकदम सगळी. काकांनी पाणी बदललं, दिवा कमी केला, पुन्हा वाढवला. काही उपयोग झाला नाही. शेवटी वाळूवर नुसती खुंटं उरली, बोटभर, तपकिरी, बुळबुळीत.

काका धावत टाकीवाल्याकडे गेले तर दुकानाचं शटर खाली. शेजारच्या किल्लीवाल्याने सांगितलं, बायकोचं बाळंतपण आहे, सासरी गेलाय, परत कधी येईल देव जाणे. फोन लावला तर लागेना. काका घरी आले आणि त्याच वेळी काकूंचा फोन वाजला.

मावशीला पुन्हा आत नेलं होतं. टाके उसवले होते. काकू रडत होत्या. तुटक तुटक सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "झाड कसं आहे?"

काकांनी टाकीतल्या खुंटांकडे पाहिलं. "मस्त आहे," ते म्हणाले.

"खरं?"

"खरं. टवटवीत आहे एकदम."

पलीकडे काकूंनी इतका मोठा श्वास सोडला की काकांना तो कानाशी ऐकू आला. "बरं झालं बाई. तेवढं तरी," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आता बोललेलं खरं करणं भाग होतं. आणि हे काम काकांना येत होतं. उभ्या आयुष्यात त्यांना एवढंच तर येत होतं. त्यांनी सगळ्यात कमी सडलेलं एक पान ओल्या कागदात गुंडाळलं आणि बाहेर पडले. धागा जुळवायला जातात तसेच. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या दुकानात जाऊन त्यांनी टाकीमागून टाकी पाहिली. पान उजेडात नेऊन धरलं. हे फार हिरवं, याच्या कडा सरळ, याचा तांबूसपणा कमी. दुकानदार वैतागला. शेवटच्या रांगेत एका छोट्या कुंडीत ते सापडलं. तोच देठ, त्याच चुण्या, खालून तोच तांबूस रंग.

"कशासाठी हवंय?" दुकानदाराने विचारलं.

"घरी लावायला," काका म्हणाले.

"मग मुळांचा गोळा मोडू नका. जसाच्या तसा वाळूत दाबा, म्हणजे झाडाला जागा बदललेली कळत नाही."

घरी येऊन त्यांनी खडूच्या चिमट्याने जुनी खुंटं उपटली. ती सहज निघाली नाहीत. मुळं वाळूला धरून होती. काकांनी ओढून काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि घरामागे जुन्या गाळाच्या ढिगावर नेऊन टाकली. मग नवं झाड त्याच जागी, त्याच कलाने बसवलं. उजव्या बाजूचं एक पान जरा पुढे झुकलेलं असायचं, तसंच एक पान झुकवलं. खडूच्या झाडाला डावीकडे एक आखूड पान होतं. कात्रीच्या टोकाने एका पानाचा देठ वाळूत खोल दाबून तेही जमवलं. लांब उभं राहून पाहिलं, जवळून पाहिलं, भिंगातून पाहिलं. कुठेही काही दिसत नव्हतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

काकू पंधरवड्याने आल्या. मावशी बरी होती. पिशवी दारातच टाकून त्या टाकीपाशी गेल्या आणि दोन्ही हात काचेवर ठेवून खाली वाकल्या. काकांना वाटलं, आता ही मागे वळून विचारणार, हे कोणाचं झाड?

काकू मागे वळल्या. त्यांचे डोळे गळत होते आणि त्या हसत होत्या. "जगलं," त्या म्हणाल्या. "अहो, जगलं!"

"जगलं," काका म्हणाले.

त्या दिवसापासून घर हळूहळू घरासारखं झालं. काकू जेवायला लागल्या. मासे परत आले तेव्हा टाकीवाल्याशी भांडल्या, एक मासा बदलला म्हणून, आणि तो बिचारा शपथा घेत राहिला. काकांनी तेवढं भांडण कान देऊन ऐकलं आणि सुई बोटात टोचून घेतली. टाकीवाल्याने झाडाकडे बघून मान डोलावली. त्यालाही काही दिसलं नाही. काकांना मात्र रोज दिसायचं. रफू जगाला दिसला नाही तरी करणाऱ्याचा डोळा बरोबर तिथेच जातो. पण काकू बोलत होत्या, आणि त्यासाठी काका याहून मोठं खोटं पचवायला तयार होते. झाड काय, सगळी झाडंच, असं ते स्वतःला समजवायचे. चार पानांचा तर प्रश्न.

पुढे झाडाला बाजूने पिल्लं फुटली. चष्म्याच्या दुकानातली खडूची मैत्रीण एका दुपारी आली, तिने लाजत लाजत विचारलं, "काकू, तिच्या झाडाचं एक पिल्लू देता? दुकानात काउंटरवर छोटी टाकी ठेवलीये."

"देते की! तिचंच आहे, तुझं काय आणि आमचं काय." काकूंनी लगेच चिमटा काकांच्या हातात दिला. "काढा हो एक. मुळासकट काढा."

काकांनी पाण्यात हात घातला.

"आणि बाळ, ऐक," काकू मैत्रिणीला सांगत होत्या, "नव्या जागी गेलं की याची पानं सडतात. सगळी जातात, नुसतं खुंट उरतं. घाबरायचं नाही आणि उपटायचं तर मुळीच नाही. मुळं जिवंत असतात. महिन्याभरात परत फुटतं."

"माहितीये काकू. तिने मला कितीदा सांगितलं होतं. मेल्यासारखं दिसतं पण मेलेलं नसतं, म्हणायची."

"आम्हालाही रोज सांगायची. इथेच बसून. तिच्या बाबांना तर पाठ असेल. म्हणून तर मी निर्धास्त गेले बहिणीकडे. म्हटलं, पानं गेली तरी हे आहेत, त्यांना ठाऊक आहे. पण बघ यांच्या हाताचा गुण, एक पान सडलं नाही!"

काकांचा हात पाण्यातच राहिला. खडू त्यांच्या शेजारी, इथे, हातभर अंतरावर बसून रोज हे सांगत होती आणि ते हं म्हणत होते. कितीही आठवलं तरी त्यांना तिचा आवाज आठवत होता, तिचा ओला हात आठवत होता, पण ते वाक्य आठवत नव्हतं. कुठल्यातरी कोटाचे धागे तेवढे त्यांनी बरोबर मोजले होते. त्या मोठ्या दुकानात खरं कारण सांगितलं असतं तर दुकानदारानेही हेच सांगितलं असतं.

"अहो, द्या ना," काकू म्हणाल्या.

काकांनी पिल्लू मुळासकट काढून मैत्रिणीच्या डब्यात ठेवलं. तिने डबा छातीशी धरला. "तिचं आहे," ती म्हणाली. काकूंनी तिला जवळ घेतलं. काकांनी पंच्याने हात पुसले आणि मागच्या दाराने बाहेर गेले.

भिंतीपाशी गाळाचा ढीग उन्हाने तडकला होता. काका त्याच्यापुढे उकिडवे बसले आणि धागे कापायच्या छोट्या कात्रीने माती उकरायला लागले. वर्तमानपत्राचा लगदा लागला, मग मुळं लागली. जुन्या सुतळीसारखी झाली होती. बोटात धरली की तुटत होती. काका एकेक उचलून उजेडाला धरत होते. तळाशी एक खुंट त्यातल्या त्यात जाड निघालं. नखाने खरवडून पाहिलं. आत हिरवं नव्हतं, पण पार काळंही नव्हतं. तेवढंच त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं. मग तिथेच भिंतीला टेकून ते रडले, तोंडावर पंचा दाबून, कारण आत दोघी बोलत होत्या.

काकूंना सांगायचं म्हणून ते आत गेले. काकू मैत्रिणीला निरोप देऊन आल्या होत्या आणि खडूने उलट्या चष्म्याच्या माणसाची नक्कल कशी केली होती ते आठवून एकट्याच हसत कपबशा विसळत होत्या. काका दारात उभे राहिले. नाही सांगता आलं.

काकू आंघोळीला गेल्या तेव्हा त्यांनी ते खुंट टाकीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात, दगडाच्या आड, वाळूत खोचलं. ती राखाडी वाळू, जी त्यांनी आणि काकूंनी मिळून धुतली होती. त्याला कितीतरी दिवस होऊन गेले. काका सकाळी टेबलाशी बसायच्या आधी त्या कोपऱ्यात वाकून बघतात, दुपारी बघतात, काम आवरून बघतात. अजून काही फुटलेलं नाही.

काल काकूंनी विचारलंच. "अहो, हल्ली सारखं त्या कोपऱ्यात काय बघता? झाड इकडे आहे."

"हं," काका म्हणाले. त्यांच्या हातात सुई नव्हती.